उस्मानभाई प्यालेले नव्हते

दारूबंदीवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. दारूपायी उठलेली घरं मी पाहिली आहेत, आणि मोटार हाकणाऱ्या माणसाने तर गुत्त्याच्या रस्त्यालाही जाऊ नये असं माझं मत आहे. माझा राग आहे तो मिरजगावच्या बाजारात गेल्या उन्हाळ्यात ऐकलेल्या एका भाषणावर. या अंकाच्या संपादकांनी "मोटारीच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा" असं कळवलं आहे. गमतीदार अनुभव माझ्याकडे पोत्याने आहेत. पण त्यातला सर्वांत गमतीदार म्हणून जो आमच्या भागात हसून हसून सांगितला जातो, तो खोटा आहे. तो खोटा आहे हे सांगून झाल्याशिवाय माझ्या हातून दुसरं काही लिहिलं जाणार नाही.

मी हल्ली सरकारी गाडीवर ड्रायव्हर आहे. त्या दिवशी गाडी मिरजगावला उभी होती आणि बाजार भरलेला होता. एका बैलगाडीवर कर्णा लावून दारूबंदीचे एक प्रचारक बोलत होते. माणूस सभ्य, कपडे स्वच्छ, आवाज खणखणीत. लोक मात्र लक्ष देत नव्हते, कांद्याचा भाव करत होते. तेव्हा त्या गृहस्थांनी गोष्ट काढली.

"लढाईतल्या कोळशाच्या गाड्या आठवतात ना मंडळी? अशाच एका गाडीवरचा क्लीनर. सकाळीच ढोसून आलेला! डोक्यावरची टोपी काढली आणि घातली शेगडीत. रिकाम्या बाकड्याला सलाम ठोकला. गाडीला म्हणाला, तू माझी सासू! आणि मग जो झोपला, तो झोपलाच. बघा, दारू माणसाला कुठे नेऊन सोडते!"

आता मात्र कांद्याचा भाव थांबला. लोक पोट धरून हसले. काहीजण तर, गोष्ट आधीच ऐकलेली होती म्हणून, पुढचं वाक्य स्वतःच सांगत होते. मी बसल्या जागेवरून बाहेर डोकं काढलं आणि ओरडलो, "खोटं आहे हे! तो प्यालेला नव्हता!"

प्रचारकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पाहा मंडळी, आणखी एक! आणि यांच्या हातात तर सरकारी गाडी!"

बाजार पुन्हा हसला. माझ्या गाडीतले उतारूसुद्धा हसले. मागून एकजण म्हणाला, "डायवरसाहेब, बसा आता गपचिप. आमाला घरी जायचं हाय."

त्या कोळशाच्या गाडीचा ड्रायव्हर मीच होतो. त्या क्लीनरचं नाव उस्मानभाई. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा, आणि धंद्यात मला मिळालेला सर्वांत चांगला सोबती. त्याच्या मरणाला अजून धड पाच-सहा वर्षंही झालेली नाहीत, आणि त्याचा विनोद करून लोक मोकळे झाले. अलीकडे तर ती गोष्ट सांगताना काहीजण त्याच्या धर्मावरही घसरतात. म्हणून जे घडलं ते सरळ सांगतो.

कोळशाची गाडी म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक नसेल. लढाईत, म्हणजे या गेल्या महायुद्धात, पेट्रोल लष्कराकडे जाऊ लागलं आणि आमच्या मालकासारख्यांच्या खाजगी गाड्यांना ते औषधापुरतं मिळू लागलं. तेव्हा गाड्यांच्या पाठीला पत्र्याची एक उंच टाकी बसवली. तिच्यात वरून लोणारी कोळसा ओतायचा, झाकण आवळायचं, खालच्या भोकातून पेटवायचं आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. कोळसा नीट फुलला की त्यातून एक वायू निघतो. तो नळ्यांतून आणि काथ्याच्या गाळणीतून पुढे इंजिनात जातो आणि पेट्रोलचं काम करतो. करतो म्हणजे रडतखडत करतो. उतारू त्या टाकीला शेगडी म्हणत. सपाटीला गाडी बरी चाले. चढाला मात्र आधीपासून वेग घेऊन, न थांबता चढली तरच चढे. मध्ये थांबली की संपलं. मग सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. तिकीट काढून वर गाडीही ढकलायची, म्हणून लोक आम्हाला शिव्या देत, आणि त्या रास्तच होत्या. यातून आमच्याकडे एक नियम झाला होता : चढावर घंटी द्यायची नाही. कुणाचं मूल रडो, कुणाचं गाठोडं पडो, चढ संपेपर्यंत कंडक्टरने दोरीला हात लावायचा नाही.

हा नियम लक्षात ठेवा.

उस्मानभाई मूळचा मिरजगावचा कल्हईवाला. गावोगाव भट्टी लावायचा. तो भांडं फिरवायचा आणि बायको हमीदाभाभी भाता ओढायची. लढाईत कथील बाजारातून नाहीसं झालं आणि कल्हई बसली. आमच्या मालकाला विस्तव कळणारा माणूस हवाच होता. उस्मानभाईला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण निखाऱ्याशी त्याची जन्माची ओळख. दुसऱ्या गाड्यांचे क्लीनर फुंकून फुंकून डोळे लाल करून घेत तोवर आमची शेगडी फुललेली असे. गाडीला तो 'बुढिया' म्हणायचा. मोठा चढ चढून आलो की मी वर जरा थांबायचो. तो मागून उतरून पुढे यायचा, बॉनेटवर दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, "चढली गं माझी बुढिया." मग माझ्याकडे बघून, "तुमी नुसतं बसून हुता, बाबूराव. चढली ती."

त्याची थट्टा अशी कोरडी असे. एकदा एका आडतदाराने शेगडीच्या भोकाशी वाकून विडी पेटवायला घेतली. उस्मानभाई म्हणाला, "शेट, नका." शेटजी म्हणाले, "तुझ्या बापाचा इस्तू हाय का?" भप् करून जाळ आला आणि शेटजींची अर्धी मिशी गेली. उस्मानभाईने त्यांच्या तोंडाला पाणी लावलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "दुसरी बाजू बराबर करायची का?" गाडी जामखेडला पोहोचेपर्यंत हसत होती. शेटजीसुद्धा शेवटी हसले.

थंडीत मागच्या बाकासाठी भांडणं होत, कारण तिथे शेगडीची ऊब लागे. जामखेडची गंगूमावशी म्हणून एक म्हातारी होती. ती नेमाने मागच्याच बाकावर बसायची आणि पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा टाकीच्या पत्र्यावर भाजून घ्यायची. मालकाने हटकलं तर म्हणायची, "तुझा कोळसा न्हाई खात मी." अर्ध्या शेंगा उस्मानभाईच्या हातावर ठेवायची.

आता दारूचं सांगतो. उस्मानभाई दारूला शिवत नव्हता एवढं म्हणणं पुरेसं नाही. त्याला तिचा तिटकारा होता. रमजानात, भादव्याच्या उन्हात, तोंडात पाण्याचा थेंब न घेता तो शेगडीचा पंखा फिरवायचा. आणि प्यालेला उतारू तो गाडीत घ्यायचाच नाही. त्याला अलगद धरून झाडाखाली बसवायचा, गाठोडं शेजारी ठेवायचा आणि सांगायचा, "उतरली की म्होरल्या गाडीनं या, पाव्हनं." भांडण नाही, शिवी नाही. एकदा त्याने असा झाडाखाली बसवलेला माणूस मालकाचा मेहुणा निघाला. मालकाचा संताप झाला. "गाडी कुणाची रे? तुझी का माझी?" उस्मानभाई म्हणाला, "गाडी तुमची, मालक. पन वांती मला पुसावी लागती." मालकाने ते गिळलं, विसरला मात्र नाही.

आमची गाडी नगर, मिरजगाव, जामखेड अशी चालायची. रस्ता म्हणजे खड्डे आणि फुफाटा. त्या हादऱ्यांनी शेगडीचं झाकण सैल व्हायचं. झाकणाखाली एका खाचेत जाड दोरी असते. साधी नव्हे, विस्तवात न जळणारी. झाकण आवळलं की ती दबते आणि वायू बाहेर येत नाही. आमची दोरी झिजून तुटली होती. उस्मानभाई मालकाच्या मागे लागला. मालकाचं एकच उत्तर, "लढाई चालली आहे, माहीत आहे ना? माल कुठे मिळतो?" मग उस्मानभाईने आपल्या जुन्या धंद्यातली युक्ती काढली. गोणपाटाची पट्टी ओल्या चिकणमातीत भिजवून तो खाचेत बसवायचा. गाडी उभी असली की ते उत्तम चाले. गाडी हादरली की माती तडकायची आणि फटी पडायच्या.

त्या फटींतून काय बाहेर येतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही सगळे धुराला भीत होतो. धूर दिसतो, डोळ्यांत जातो, खोकला आणतो. या वायूला ना रंग, ना नाव घेण्यासारखा वास. मागच्या बाकावर कधी कुणाचं डोकं दुखे, कुणी ओकारी काढी. त्याला आम्ही म्हणायचो, 'गाडी लागली.' गंगूमावशी त्यांना कांदा फोडून हुंगायला द्यायची. एवढाच आमचा इलाज.

आता तो दिवस. पौष महिना होता आणि जामखेडहून सकाळी गाडी निघाली तेव्हा वारा अंगाला झोंबत होता. मालक त्या दिवशी बरोबर होता, पुढे माझ्या शेजारी शालीत गुरफटून बसलेला. उस्मानभाईची बसायची जागा मागे बाहेर, शेगडीजवळच्या फळीवर. त्या दिवशी मालकाने त्या फळीवर गुळाच्या भेल्या लादल्या. उस्मानभाई म्हणाला, "मालक, मी कुटं बसू?" मालक म्हणाला, "आत बस की मागच्या बाकावर. राजासारखा बस." उस्मानभाई राजासारखा आत बसला. गाडीच्या बाजू उघड्या असत, त्यांना ताडपत्रीचे पडदे. थंडीमुळे उतारूंनी ते सोडून घट्ट बांधून घेतले होते. झाकणाची माती तडकलेली, आणि फट नेमकी मागच्या बाकाकडे.

आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे फळ्यांची भिंत होती. मागचं मला दिसत नव्हतं. पुढे जे लिहितो ते दगडू कंडक्टर आणि गंगूमावशी यांनी त्याच दिवशी मला सांगितलेलं आहे. दोघांचं सांगणं जुळतं.

निघाल्यावर काही वेळाने उस्मानभाई म्हणाला, "डोस्कं ठनकतंय." मग तो आपल्याशीच हसू लागला. त्याने टोपी काढली, कोळशाच्या पाटीत ठेवली आणि नंतर डोक्यावर हात फिरवून तीच टोपी शोधू लागला. शेगडीत नव्हे, पाटीत. एक उतारू उतरून बाक रिकामं झालं होतं, तिकडे बघून तो "सलाम आलेकुम" म्हणाला. जीभ जड झालेली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मियाँ आज लावून आलेत वाटतं." एरवी दुसऱ्यांना झाडाखाली बसवणारा माणूस असा सापडल्यावर लोकांना केवढा आनंद झाला असेल! उस्मानभाई उठायला गेला आणि पडला. चेहरा लालबुंद. "बघा, चढली," असं दोघेतिघे एकदम म्हणाले.

त्याच बाकावर गंगूमावशीला भडभडून ओकारी झाली. तिच्या शेजारच्या बाईचं डोकं फुटायची वेळ आली. त्यांना लोक म्हणाले, गाडी लागली. एकाच बाकावर, एकाच फटीतून, एकच वायू नाकात गेला. म्हातारीला गाडी लागली आणि उस्मानला दारू चढली! ती तिन्ही माणसं शेजारी शेजारी बसली आहेत, हे कुणाच्या लक्षात येऊ नये? आमच्या अज्ञानाचा मला राग नाही. वायू काय करतो हे मलाही ठाऊक नव्हतं. पण जो माणूस वर्षानुवर्षं यांच्या डोळ्यांसमोर उपास धरून विस्तव फुंकतो, त्याच्याबद्दल वाईट मानायला यांना एक हसणं पुरलं, याचा राग आहे.

इतक्यात मिरजगावच्या अलीकडचा मोठा चढ लागला. दगडू घाबरला होता. तो मला म्हणाला, "बाबूदादा, मी दोरीला हात घातला हुता. पन चढ लागल्याला. मालक म्होरं बसल्यालं. नेम म्हंजी नेम." त्याने घंटी दिली नाही. चार भल्या माणसांनी उस्मानभाईला मागच्या बाकावर आडवं केलं. "झोपू द्या, उतरंल." एकाने आपलं कांबळं त्याच्यावर घातलं. दुसऱ्याने वारं लागू नये म्हणून त्याच्या उशाशी पडदा आणखी घट्ट ओढून घेतला. शेगडीच्या झाकणाशी डोकं, वरून कांबळं, आणि चढावर इंजिन ओढतंय म्हणून मी गाडी रेटतोय. चढ लांबलचक होता.

वर आलो. मी थांबलो. बॉनेटवर थापा पडल्या नाहीत.

मी थोडी वाट पाहिली. मालक म्हणाला, "चल की." मी म्हटलं, "उस्मानभाई आले नाहीत." मी उतरून मागे गेलो. मागे हसण्याचा आवाज होता. कांबळं काढलं. चेहरा गुलाबी, नुकतं न्हाऊन आलेल्या माणसासारखा. मी ओरडलो, "पडदे वर करा! याला खाली घ्या!" मी हे काही समजून ओरडलो नव्हतो, त्याला हवा हवी एवढंच वाटलं. दगडूने आणि मी त्याला रस्त्याकडेला आणला, तोंडावर पाणी मारलं, हात चोळले, छाती चोळली. श्वास नव्हता. मालक शाल सावरत आला, वरून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "प्यायला होता का?"

पाहा, पहिलं वाक्य. मेला का, नव्हे.

उतारू म्हणाले, "व्हय, लई प्याल्ता." झालं. मालकाला हवं ते मिळालं.

मिरजगावच्या थांब्यावर आम्ही त्याला खाली उतरवलं. पोलीस पाटील आले, गाव जमलं. मालकाने सगळ्यांसमोर हात झाडले. "दारू पिऊन गाडीत मेला. माझ्या गाडीचं नाव घालवलं. मी याला किती वेळा सांगितलं असेल!" असं म्हणाला तो! मी म्हटलं, "मालक, तोंड सांभाळा. हा माणूस दारूला शिवत नव्हता." मालक म्हणाला, "तू पुढे होतास, तुला काय दिसलं? एवढे लोक सांगतात ते खोटं का?"

तेवढ्यात हमीदाभाभी आली. पिठाचे हात तसेच. गर्दी बाजूला झाली आणि ती बसली. रडली नाही. कुणीतरी मागे कुजबुजलं, "पिऊन मेला म्हनं." ते तिने ऐकलं. तिने मान वर केली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग खाली वाकून, सगळ्यांदेखत, आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला.

"दारू न्हाई," ती म्हणाली. "या. वास घ्या. कुनाला घ्यायचाय त्यानं या. पाटील, तुमी या. मालक, तुमी म्हनताय ना? या की म्होरं."

मालक मागे सरला. तोंड वळवलं. पाटलांनी खाली पाहिलं. आम्ही सगळे पुरुष उभे होतो तसे उभे राहिलो. मग ओकून ओकून पांढरी पडलेली गंगूमावशी दुसऱ्या बाईच्या खांद्याला धरून पुढे आली. मोठ्या कष्टाने वाकली. वास घेतला.

"दारू न्हाई," म्हातारी म्हणाली. "कोळसा हाय. ह्या बाप्याच्या तोंडाला नुसता कोळशाचा वास हाय. आन् जो कुनी दारू म्हनंल त्याच्या तोंडात माती पडो."

पाटील म्हणाले, "बरं बरं, उचला आता." मातीला सगळं गाव आलं, हिंदू आले, मुसलमान आले. हमीदाभाभीला वाटलं, नवऱ्यावरचा डाग धुऊन निघाला. मलाही तसंच वाटलं. पण मिरजगाव म्हणजे काही सगळा मुलूख नव्हे. मालकाची गोष्ट गाडीत बसली. ती नगरला गेली, जामखेडला गेली, प्रत्येक थांब्यावर उतरली, आणि दर खेपेला थोडी वाढत गेली. पाटीतली टोपी शेगडीत गेली. बुढियाची सासू झाली. बघता बघता गोष्ट इतकी रंगली की खरं बोलणारी म्हातारी तिच्यातून गळूनच गेली. आता ती मिरजगावातही परत आली आहे, आणि ज्यांनी त्याला खांदा दिला त्यांतलेही काहीजण ती ऐकून हसतात.

पुढे नगरच्या लष्करी तळावरच्या एका मद्रासी मिस्त्रीला मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, कोळशाचा वायू कोंडला की माणूस असाच बरळतो, अडखळतो, हसतो, ओकतो. आणि मेला तरी चेहरा लाल राहतो. आमच्याकडे शेगडीजवळ पडदा लावायची बंदी आहे. उघड्यावर राहिला असता तर तुझा माणूस जगला असता.

उघड्यावर म्हणजे त्या फळीवर. जिथे गूळ ठेवला होता.

आणि आता मला सर्वांत जास्त जे खुपतं ते सांगतो. त्या आठवड्यातच शेगडीच्या झाकणाची दोरी आली. नवीकोरी. लढाई चालूच होती, माल मिळत नव्हता, तरी आली! मागच्या बाकाजवळचा पडदा मालकाने स्वतः उभं राहून कापून काढायला लावला आणि शेगडीजवळच्या फळीवर माल ठेवायचा नाही असं दगडूला बजावलं. मी मालकाला चारचौघांत विचारलं, "उस्मान दारूने मेला ना? मग दोरी कशाला बदलली? दारू काय झाकणातून गळत होती?"

मालक म्हणाला, "तू गाडी हाकायला आहेस. गाडी हाक."

मी गाडी सुरू करायचं हँडल त्याच्या पुढ्यात टाकलं आणि चालता झालो. त्या मालकाचं पुढे काही वाईट झालं नाही, उगाच कुणी तशी आशा धरू नये. सरकारने गाड्या हाती घेतल्या तेव्हा त्याच्या निरोपाच्या समारंभाला मला जावं लागलं. लढाईच्या बिकट काळात जनतेची सेवा केली म्हणून त्याच्या गळ्यात हार घातला. भाषणात त्याने क्लीनरची गोष्ट सांगितली. लोक हसले.

आता त्या बाजाराच्या दिवसाचं उरलेलं सांगतो आणि थांबतो.

उतारूंना "आलोच" म्हणून मी खाली उतरलो आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे लिंबाखाली हमीदाभाभी बसते. कथील पुन्हा मिळू लागलं तशी तिने भट्टी लावली आहे. पूर्वी नुसता भाता ओढायची. आता भाता जावई, तिच्या जैनूचा नवरा, ओढतो आणि ती भांडं फिरवते. हात काळे, नवसागराचा धूर, समोर पातेल्यांचा ढीग. कर्ण्याचा आवाज इथवर येत होता. तिने काय ऐकलं असेल, आणि आपण काय बोलायचं?

तिने मला बघून गोणपाट पुढे सारलं. "बसा, बाबूदादा. गाडी घिऊन आला व्हय?" मग बैलगाडीकडे मान करून तिने विचारलं, "काय चाललंय वो तिकडं? भात्याच्या आवाजात काय बी कळंना. येवढं का हासत हुते लोक?"

मी जावयाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. त्याच्या तरण्या कानांनी सगळं ऐकलं होतं.

मी म्हटलं, "दारूबंदीवाले आहेत, भाभी. कुणा दारुड्याची गोष्ट सांगत होते."

हमीदाभाभीने पातेलं विस्तवावरून काढलं, कापसाच्या बोळ्याने एकदा गोल पुसलं. आतून ते पांढरंशुभ्र निघालं. ते उन्हात धरून ती समाधानाने म्हणाली, "बरं करत्यात. सांगाया पायजे लोकास्नी. जैनूचे अब्बा आज पायजे हुते. त्यांनी म्होरं बसून ऐकलं असतं."